पाचांतला एक शब्द

आउने माझ्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा तिने ती पट्टी भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळून आणली होती. फडकं टेबलावर ठेवलं, पण उलगडलं नाही. त्यावर हात ठेवून बसून राहिली. मार्च महिना होता. तळं अजून कडक गोठलेलं होतं आणि तिच्या बुटांना चिकटून आलेला बर्फ माझ्या फरशीवर वितळत होता.

"तुम्ही कॉफी घेणार ना?" मी विचारलं.

"घेणार की. पण ते तुम्ही-बिम्ही राहू दे. मी काय मंत्रीणबाई आहे? आउने म्हण."

"मी काइसू."

"माहीत आहे. दारावर लिहिलंयस." तिने खोलीभर नजर फिरवली. भिंतीला लागून माझी यंत्रं, रात्रंदिवस चालणारे कॉम्प्युटर, घुमत होती. "उकडतं गं इथे. तुला हीटर लागत नसेल."

"नाहीच लागत."

"चला, म्हणजे काहीतरी फायदा आहे या धंद्याचा."

माझा धंदा हरवलेल्या किल्ल्यांचा. लोखंडाच्या नव्हे, बिटकॉइनच्या. ज्याच्या हातात किल्ली त्याचं ते धन. मधे बँक नाही, तक्रारीची खिडकी नाही, ज्याच्यापुढे रडावं असा साहेब नाही. आणि किल्ली म्हणजे तरी काय, तर बारा इंग्रजी शब्द, ठरलेल्या क्रमाने. हे शब्द दोन हजार आणि वर थोड्या शब्दांच्या एका ठरावीक यादीतून आलेले असतात. यादी कुणालाही बघता येते. आपले बारा कोणते आणि कुठल्या ओळीने, एवढंच गुपित. लोक ते कुठेतरी उतरवून ठेवतात, मग तळघरात पाणी शिरतं, शाई उडते, कुत्रा कागद चघळतो, आणि ते माझ्याकडे येतात. मी लिहिलेलं सॉफ्टवेअर गेलेल्या शब्दाच्या जागी यादीतला एकेक शब्द घालून बघतं, कुलूप उघडेपर्यंत. एक शब्द गेला असेल तर कॉफी गार व्हायच्या आत सापडतो. तीन गेले तर फार तर अर्धा तास जातो. चार गेले तर ही भिंतभर यंत्रं दोन-तीन आठवडे तापत राहतात. पाच गेले असतील तर मी लोकांना घरी पाठवते.

आउनेने शेवटी फडकं उलगडलं. आत अॅल्युमिनियमची पट्टी होती, तळहाताएवढी. वरच्या भागात हातोडी आणि पंच, म्हणजे टोकाला अक्षर कोरलेल्या पोलादी कांड्या, वापरून उठवलेली अक्षरं होती, इतकी सरळ आणि सारख्या खोलीची की छापखान्यातून आल्यासारखी वाटावी. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं. तेवढी पुरतात, यादीतले कुठलेही दोन शब्द पहिल्या चारांत सारखे नसतात. सात शब्द स्वच्छ होते. त्याच्या खाली धातू वितळून ओघळला होता आणि ओघळ तसाच थिजला होता, मेणबत्तीच्या कडेला असतो तसा.

"हे कुणी केलं?"

"माझ्या नवऱ्याने. ताइस्तोने. प्लायवूडच्या कारखान्यात फिटर होता, आयुष्यभर."

"स्टीलवर केलं असतं तर काही झालं नसतं."

"मी म्हटलं होतं त्याला. तर म्हणे अॅल्युमिनियमवर ठसा सुबक उठतो." तिने एका अक्षरावरून अंगठा फिरवला. "उठलाय खरा सुबक."

मग तिने सगळं सांगितलं, शाळेच्या मुदपाकखान्यात नोकरी केलेल्या बाईच्या मोठ्या, सपाट आवाजात. फार वर्षांपूर्वी त्यांच्या माडीवर एक विद्यार्थी भाड्याने राहायचा. त्याला ताइस्तोचं जुनं बोटीचं इंजिन हवं होतं आणि खिशात दमडी नव्हती, म्हणून त्याने हे कॉम्प्युटरातलं नाणं देऊ केलं. ताइस्तोला ती गंमत वाटली. पुढे ती गंमत फारच मोठी झाली, तेव्हा त्याने ते बारा शब्द पट्टीवर ठोकले, कागद जाळला आणि पट्टी सॉनाच्या, अंगणातल्या वाफेच्या लाकडी न्हाणीघराच्या, कपडे बदलायच्या खोलीत फळीमागे खिळ्यांनी बसवली. दुसरी प्रत केली नाही. दुसरी प्रत म्हणजे त्याला दुसरा चोर वाटायचा. जानेवारीतल्या एका शनिवारी सॉनाच्या धुराड्याला तडा गेला. दोघं नुकतीच अंघोळ करून बाहेर येऊन बसली होती, अंगातून वाफा निघत होत्या. धूर दिसला तसा ताइस्तो उठला आणि आत गेला.

"मला वाटलं पाण्याची नळी आणायला गेला. कमरेला नुसता पंचा. शेजारच्या रेइयोने त्याला उंबऱ्यावरून ओढून काढलं, तोवर धुराने त्याचा मेंदू..." ती थांबली. "चालतो. जेवतो. मला ओळखतो, असं मला वाटतं. पण शब्द गेले. कॉफी पाहिजे असेल तर वल्हं म्हणतो. शिव्या मात्र एकदम शुद्ध."

"आणि ही पट्टी?"

"ही मी राखेतून काढली. आठवडा लागला. त्याशिवाय मला कळलंच नसतं तो आत कशाला गेला ते."

मी पट्टी तिरक्या उजेडात धरली, भिंगाखाली घातली, निरनिराळ्या बाजूंनी फोटो काढले. ओघळात एका ठिकाणी एक उभी रेघ असल्यासारखी वाटत होती. ती कुठल्याही अक्षराची असू शकली असती, किंवा धातूची नुसती सुरकुती. तिला काय सांगायचं ते मला माहीत होतं, रोजचंच होतं.

"आउने, पाच शब्द गेलेत. चार असते तर मी केलं असतं. पाच म्हणजे माझी यंत्रं माझ्या मरणानंतरही चालत राहतील."

"जास्त यंत्रं लावली तर? भाड्याने मिळतात म्हणे."

"भाडं त्या धनापेक्षा जास्त होईल."

ती म्हणाली, "म्हणजे एक जास्त झाला. पाचांतला एक कळला, तर चार राहतात."

"हो."

"एक शब्द."

"एक शब्द. पण तो..."

"तो घरी बसलाय," ती म्हणाली आणि फडकं पुन्हा गुंडाळायला लागली. "एक शब्द काय, काढते मी त्याच्याकडून."

दारापर्यंत तिला पोचवायला गेले तेव्हा मी म्हटलं, की माणसं पैशाशिवायही निभावून नेतात, तुमचं पेन्शन आहे, घर आहे. तिने माझ्याकडे असं बघितलं की शाळेतली पोरं ताटातलं मुकाट्याने का संपवत असतील ते मला कळलं.

"पैशाचं कोण बोलतंय? माझा माणूस याच्यासाठी आत गेला. हे उघडलंच नाही, तर तो गेला कशासाठी?"

बर्फ वितळायला लागला त्या सुमारास तिचा फोन आला. "तू ये. तोंडाला आठवत नसेल तर हाताला आठवेल. हात कुठे जळलेत त्याचे?"

मी गेले. त्यांचं घर केरिमाकीच्या पलीकडे, तळ्याच्या काठाला. सॉनाच्या जागी काळा चौकोन होता आणि त्यावर वितळत्या बर्फाचं पाणी साचलं होतं. ताइस्तो स्वयंपाकघरात खिडकीशी बसला होता. उंच, रुंद खांद्यांचा, मिशा नीट कातरलेल्या. मला बघून तो उठला, हात पुढे केला आणि अतिशय आदबीने म्हणाला, "बादली."

"नमस्कार, ताइस्तो."

"बादली," त्याने पुन्हा मान लववली. मग त्याचं त्यालाच कळलं की हे ते नव्हे, आणि त्याने एक करकरीत शिवी हासडली. आम्ही तिघंही हसलो. तो सगळ्यांत जास्त हसला.

टेबलावर एक बाई फाईल आवरत होती. मिर्क्का तिचं नाव. वाचाघात झालेल्या माणसांना पुन्हा बोलायला शिकवायचं तिचं काम, आणि ती दर आठवड्याला यायची. ती ताइस्तोवर खूश होती. त्याला दूध हा शब्द परत आला होता, मग तळं, कुऱ्हाड, हो, नाही, थंडी आणि रेइयो.

"रेइयो येतं," आउने म्हणाली, "आउने येत नाही. मला किटली म्हणतो."

"जवळच्या माणसांची नावं उशिरा येतात," मिर्क्का म्हणाली. "त्याला घाई करू नकोस. आणि ते इंग्रजीचं खूळ नको, आउने. त्याच्या डोक्यात पायवाटा नव्याने पडतायत. त्यावरून तू ट्रॅक्टर नेऊ नकोस."

"नेत नाही गं."

मिर्क्काची गाडी वळणाआड गेल्याबरोबर आउनेने कपाटातून लाकडी पेटी काढली. आत ताइस्तोचे पंच होते, प्रत्येक अक्षराचा एक, तेल लावून ओळीने ठेवलेले. तिने त्याच्यापुढे जाड फळी ठेवली, त्यावर अॅल्युमिनियमची कोरी पट्टी, शेजारी हातोडी. ताइस्तोने पेटी बघितली आणि त्याच्या चेहऱ्यात काहीतरी जागच्या जागी बसलं. त्याने बाह्या वर सारल्या. पट्टी उचलून उजेडाकडे धरली, कडेवरून नख फिरवलं, फळीवर हव्या त्या कोनात लावली. ज्याला चमचा कुठल्या हातात धरायचा ते सकाळी सुचत नव्हतं, त्या माणसाने न बघता पेटीतून बरोबर पंच उचलला.

एक ठोका. ए.

आउनेने माझं मनगट धरलं.

तो वाकला, डोळे बारीक केले, पुढचा पंच लावला. यू. मग पेटीत बोट फिरवत तो जरा थांबला, आणि एन उचलला. तिसरा ठोका. अक्षरं पट्टीवरच्या अक्षरांइतकीच सरळ होती. तो पेटीकडे पुन्हा वळला, आणि तेवढ्यात आउनेने त्याच्या पुढ्यातून पट्टी ओढून घेतली.

"आहे का यादीत? बघ ना, आहे का?"

मला बघायची गरज नव्हती, यादी मला पाठ आहे. "एयूएनने सुरू होणारा एकच शब्द आहे. आंट. म्हणजे मावशी, आत्या, काकू."

"झालं!" ती ओरडली. "झालं, ताइस्तो! माझ्या राजा!" आणि तिने त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून त्याच्या कपाळाचे, मिशांचे मुके घेतले. ताइस्तो बावरला, मग खूश झाला. त्याचा हात अजून पेटीतच होता.

मी म्हटलं, "आउने, जरा ऐक. तुझ्या नावाची पहिली तीन अक्षरं पण तीच आहेत."

"माझं नाव त्याला येत नाही."

"तोंडाने येत नाही."

"काइसू, तो पंच घेऊन बसला होता. पंचांनी त्याने काय केलं होतं? किल्ली केली होती. माझं नाव त्याने आजवर कुठल्या पत्र्यावर ठोकलंय? चाळीस वर्षांत वाढदिवसाचं कार्ड नाही लिहिलं त्याने."

"त्याला चौथं अक्षर ठोकू दे. बघू या तरी."

तिने पट्टी परत ठेवली. पण त्याचं आता संपलं होतं. त्याने हातोडी बाजूला सारली, आउनेकडे बघितलं आणि कपाळ पुढे केलं, अजून एक मुका मिळतो का म्हणून.

शब्द पाचांपैकी कुठल्या जागेवर ते माहीत नव्हतं, त्यामुळे पाचही जागा एकामागून एक धरायच्या होत्या. मी जुळणी लावली. मेपासून ऑगस्टपर्यंत माझी बहुतेक सगळी यंत्रं त्याच कामाला होती. माझं सॉफ्टवेअर दर थोड्या वेळाने पडद्यावर एक ओळ लिहितं, किती झालं आणि किती उरलं, बस्स. मी सकाळी आल्या आल्या ती ओळ बघायची. मला वाटत होतं की तो तिचंच नाव ठोकत होता. तरी बघायची. इतक्या वर्षांत असं झालंय की ज्यात काही नाही म्हणून मी हात झटकले होते त्यातून कुलूप उघडलं, आणि माणूस माझ्या गळ्यात पडून रडला. ते एक-दोन प्रसंग माणसाला पुरतात, पुढची कितीतरी वर्षं खोटी आशा धरायला.

आउने अधूनमधून फोन करायची.

"काय म्हणतंय?"

"चाललंय."

"कितव्या जागेवर आहे?"

"तिसऱ्या."

"तिसरी लागणार बघ. त्याला तीनचं वेड, मासे पण तिनाच्या पटीत धुरावर शेकायचा."

जुलैत मी पुन्हा गेले, तेव्हा घराचा रंग बदलला होता. भिंतीवर, फ्रिजवर, कपाटाच्या दारांवर मोठ्या अक्षरांत छापलेले कागद होते. दोन हजार शब्द. आउनेने ते वाचनालयातून छापून आणले होते. आता तिचं म्हणणं होतं की एक आला तसे बाकीचेही येतील, मग यंत्रांना कष्टच नकोत. ती एक शब्द वाचायची आणि ताइस्तोच्या चेहऱ्याकडे बघायची. डोळे हलले, भुवई उठली, की कागदावर खूण. त्याने शब्द म्हणून दाखवला, तर वेलदोडा घातलेल्या पुल्लाचा, गोड पावाचा, तुकडा.

"कुत्र्याला शिकवतात तसं दिसतं ना?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "मला कळतं. बोलू नकोस."

ताइस्तो माझ्याकडे वळला. आदबीने उठला, हात पुढे केला. "ब्रेड," तो म्हणाला. मी काही बोलले नाही तसा त्याने दुसरा काढला. "लॅम्प." आणि मग, आउनेकडे एक चोरटी नजर टाकून, "विंटर. रिव्हर."

उच्चार नीट होते. तो त्या शब्दांचे अर्थ विसरला नव्हता. ते त्याला कधी येतच नव्हते. त्याला एवढंच कळलं होतं की हे आवाज काढले की ती हसते.

"मिर्क्का काय म्हणते?"

"मिर्क्का यायची बंद झाली. म्हणजे मीच नको म्हटलं. तिचे ते दूध आणि कुऱ्हाड. त्याने मला काय मिळणार होतं?"

"त्याला मिळत होतं."

तिने पुढचा कागद उचलला. ताइस्तोला कॉफी हवी होती. त्याने भांड्याकडे बोट दाखवलं आणि तोंड उघडलं. वसंतात तो वल्हं म्हणायचा; चुकीचा का होईना, आपल्या भाषेतला शब्द. आता त्याच्या तोंडून काहीतरी अर्धंमुर्धं इंग्रजी निघालं. त्याने मान हलवली, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. शिवी घालायलाही त्याने ओठ हलवले, आणि ती आली नाही. मी त्याला कॉफी ओतून दिली.

ऑगस्टच्या शेवटी पाचवी जागा संपली. पडद्यावर एक ओळ आली: सापडलं नाही. मी जुळणी तपासली, नमुन्याच्या किल्लीवर सॉफ्टवेअर चालवून बघितलं, ते बरोबर चालत होतं. हे मी फोनवर सांगू शकले असते. गाडी काढून गेले.

आउने बाहेर बटाटे खणत होती. माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं असावं, कारण तिने खणायचा दातेरी काटा जमिनीत रोवला आणि त्यावर दोन्ही हात ठेवले.

"पाचही जागा?"

"पाचही."

"तुझ्या त्या सॉफ्टवेअरची काही चूक?"

"नाही. दोनदा बघितलं. आंट हा शब्द त्यात नाहीच, कुठेच नाही."

तिने मातीतला एक बटाटा पायाने बाजूला सारला. वाऱ्याने तळ्यावर बारीक लाटा उठत होत्या आणि कुणाची तरी बोट काठाला आपटत होती.

"म्हणजे तो माझं नाव लिहीत होता," ती म्हणाली.

"मला तसं वाटतं."

"आणि मी ती पट्टी त्याच्या हातातून ओढली."

तिने माझ्या बोलण्याची वाट बघितली नाही. हात झग्याला पुसले आणि घरात गेली, मी मागोमाग. तिने भिंतीवरचे कागद फाडले नाहीत की काही नाही. सरळ कपाटाशी गेली, पेटी काढली, फळी ठेवली, कोरी पट्टी ठेवली, आणि ताइस्तोसमोर गुडघ्यांवर बसली. त्या वयाच्या बाईला ते सोपं नव्हतं.

"ताइस्तो, ऐक. तेव्हा तू जे करत होतास ना, ते कर. मी मधे येणार नाही. पुरं कर. माझं नाव कर."

त्याने तिच्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं. बाह्या वर सारल्या नाहीत या खेपेला. पंच उचलला. ए. मग यू. एन. अक्षरं तेव्हासारखीच सरळ होती. आउनेने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते. तो चौथा पंच शोधायला लागला. बोट ई वरून, तिच्या नावाच्या चौथ्या अक्षरावरून, गेलं, पुढे सरकलं, परत आलं. त्याने टी उचलला आणि ठोकला.

मग त्याने पट्टी तिच्याकडे सरकवली आणि मोठ्याने, स्पष्ट म्हणाला, "आंट."

तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. तिथे नेहमीचं काही आलं नाही, म्हणून त्याने पुन्हा म्हटलं. मग दुसरा काढला. "ब्रेड." मग तिसरा, चौथा. एकामागून एक, घाईघाईने, माणूस खिशातून किल्ल्या काढून एकेक दाराला लावून बघतो तसा. आउने फरशीवर बसूनच होती. तिने त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, "पुरे, पुरे आता, काही नको मला, पुरे." त्याला ते कळलं नाही. तो तिच्या केसांवर हात ठेवून म्हणतच राहिला.

मी कागद काढले. सगळ्या भिंती, फ्रिज, कपाटं. ते शेकोटीच्या टोपलीत भरताना मला कुणी थांबवलं नाही.

त्यानंतर आउनेने मिर्क्काला स्वतः फोन केला. मिर्क्का आली, रागावली नाही, पुन्हा पहिल्यापासून दूध आणि कुऱ्हाड सुरू केलं. पण ताइस्तो आता कुणी समोर बसून एखादी वस्तू पुढे धरली की तोंड मिटून घ्यायचा. आपण म्हणतो त्यातलं काही चालत नाही, असं त्याच्या मनाने घेतलं असावं. इंग्रजी शब्दही हळूहळू गेले. पहिला बर्फ पडला तोवर तो अजिबात बोलेनासा झाला होता. डिसेंबरात छातीत कफ झाला, दवाखान्यातून तो घरी आला नाही, गावातल्या शुश्रूषागृहात गेला. आउनेने काठावरचं घर विकून टाकलं आणि बसथांब्याजवळच्या चाळीवजा रांगेतली दोन खोल्यांची जागा घेतली, कारण तिथून त्याच्याकडे चालत जाता येतं.

पट्टीच्या काढून ठेवलेल्या फोटोंवरून मी आणखी एकदा प्रयत्न केला. त्या उभ्या रेघेचा जेवढा अर्थ काढता येईल तेवढा काढला. ती धातूची सुरकुतीच होती. तिला मी हे सांगितलं नाही.

दोन उन्हाळ्यांनंतर ती मला साव्होनलिन्नाच्या बाजारात भेटली. बंदरावर बोटी लागल्या होत्या आणि माशांच्या टपरीपुढे रांग होती. ती बारीक झाली होती, पण आवाज तोच.

"काइसू! अजून उकडतंय का तुझ्याकडे?"

"अजून उकडतंय."

आम्ही लोण्यात तळलेल्या मुइक्कूचे, बोटभर लांबीच्या माशांचे, दोन द्रोण घेतले आणि उभ्या उभ्याच खायला लागलो. कसा आहे, म्हणून मी विचारलं. तसाच आहे, ती म्हणाली. सकाळी खिडकीशी बसवतात. ती शेजारी बसते, विणते. तो तिच्या हातांकडे बघतो, कधी बघत नाही. तिथली पोरगी म्हणाली की त्यांच्याशी बोलत राहा, म्हणून ती बोलते, हवेबद्दल, रेइयोच्या गाडीबद्दल. त्याला काहीही विचारत मात्र नाही. प्रश्नाचा सूर लागला की तो खांदे आत ओढून घेतो.

मग तिने एक मासा शेपटीला धरला आणि पाणपक्ष्यांकडे बघत, सहज विचारावं तसं विचारलं, "तुझी यंत्रं आता वेगवान झाली असतील."

"थोडी झाली."

"पाच जमतात?"

"नाही, आउने."

"कधी जमतील?"

"आपल्या हयातीत... मला नाही वाटत."

तिने मान डोलावली. "मला ते नकोच आहे आता. खरंच सांगते. उद्या उघडलं तरी मी काय करू? त्याला तिथे चावायचंसुद्धा देत नाहीत, सगळं वाटून देतात." तिने हातातला मासा खाऊन टाकला. "तरी दर महिन्याला वाटतं, तुला फोन करावा. पट्टी अजून जवळ आहे. टाकून देता येत नाही आणि बघवत पण नाही. म्हणून तिला ओट्याच्या खणात, मागे ढकलून ठेवलीय."

"मला देऊन टाक हवी तर."

"तू काय करणार?"

तिने द्रोणातला उरलेला चुरा पक्ष्यांपुढे झटकला, तोंड रुमालाने पुसलं. केरिमाकीची बस आली होती. ती चढली, चालकाशी दोन शब्द बोलली आणि पलीकडच्या बाजूच्या खिडकीत जाऊन बसली, त्यामुळे बस सुटताना मला तिचा चेहरा दिसला नाही.